खरवडलेले नाव

चिखली, गुरुवार, संध्याकाळ

शेजारच्या संगीताताईंनी लेकीच्या अभ्यासासाठी बाजारातून जुना मोबाईल घेतला आणि मला दाखवायला आणला. पाठीवर स्टीलच्या भांड्यांवर कोरतात तसे नाव होते. खरवडलेले, तरी बोटाला लागणारे. कुणाचे, विचारले तर हसल्या. "आहेराच्या भांड्यावर नसतं का दुसऱ्याचं नाव? त्यात काय, सर!"

बिल नव्हते. मग मी मोठ्या उत्साहाने समजावले: प्रत्येक मोबाईलला स्वतःचा पंधरा आकडी क्रमांक असतो, तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की चोरीची तक्रार असल्यास कळते. टाकला. तक्रार होती.

"काऊन तपासलं, सर? नसतं तपासलं, त माहाच होता न."

समजावण्याच्या भरात त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचे राहिले का?

उद्या आम्ही दोघे पोलीस ठाण्यात जाऊन तो जमा करणार. सिमकार्ड काढून मोबाईल त्यांनी माझ्याकडेच ठेवला. "घरी नेला त पोरगी सोडणार नाही. मीबी नाही."

बोट पुन्हा त्या नावावरून फिरते आहे. जन्मभर वापरायची वस्तूच माणूस अशी कोरून घेतो.

माझा जुना मोबाईल कपाटात आहे, बिलासकट. आहेर म्हणून तो द्यावा. नाव मात्र त्यांच्या लेकीचे कोरून.