मधूच्या जांभळ्या बाटल्या

झरी, जि. परभणी
१२ जानेवारी २०२५

चि. शंतनु,
ताईचे आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन जुने पिवळे बल्ब न फुटता पोचले. चाळीसचा माल आणि पोस्टाला बासष्ट, हे काही बरं नाही. पण इथं तसले मिळत नाहीत, आणि मधूच्या जिवाणूंना पांढऱ्या बल्बचा उजेड पुरत नाही म्हणे. दिवाळीला पुण्याहून येताना तिनं संशोधनातल्या दोन बाटल्या आणल्या. त्या अजून खिडकीत आहेत. तीही अजून इथंच आहे. तिचा फोन यांनी कपाटात ठेवलाय.

माझी एक चूक झाली. कोंडून मरतील म्हणून मी रोज पूजा झाली की झाकणं जरा उघडायची. आठ दिवसांत जांभळा रंग फिका पडला. मधू हसली. "आई, यांना हवा नकोच. हवा मिळाली की उजेड धरायचं सोडतात." मग देवापुढच्या रांगोळीतच तिनं जिवाणूच्या आतली गोल कडी काढून दाखवली. लहान कड्यावर उजेड पडतो, तिथून शेजारच्या मोठ्या कड्यात उडी, तिथून मधोमध. तिथं त्याचं काम होतं. पापणी लवायच्या आत.

मी विचारलं, "मधली जागा मोकळी नसली तर?"

"मग कड्यातच फिरत राहतो गं. ऊब होऊन विरून जातो."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शंतनु, तिच्या मॅडमचं पत्र आलंय. सहा तारखेलाच. सत्तावीसला पुण्यात पुढच्या शिक्षणाची मुलाखत. सही करून मीच घेतलं. हे म्हणाले, "लय झालं शिक्षण. मार्चात लग्न उरकायचंय." आणि मधूला सांगणार नाही म्हणून मला देवापुढं बेलभंडारा उचलायला लावला. मी उचलला. पत्र गव्हाच्या कोठीत आहे. पोर रोज विचारते, "पोस्टमन आला का?"

भंडाऱ्याची शपथ मोडायची हिंमत माझ्यात नाही. पण शपथ मधूला न सांगण्याची आहे. तुला न सांगण्याची कोणी घातली नाही.

पंचवीसला येशील? आपल्या आईला नात बघायचीय म्हण आणि तिला घेऊन जा, ते खोटंही नाही. गाडीनं सेलू स्टेशन सोडलं की तिला सगळं सांग. माझंही सांग.

उलट टपाली कळव. पत्र माझ्या नावानं नको, टपाल आता हेच घेतात. शेजारच्या दगडाबाईच्या नावानं टाक. जमणार नसलं तर तसंही लिही. नुसती वाट बघायला लावू नकोस.

तुझी ताई,
अंबिका