साहेबांचा भांग आणि बाईंची फुली

चाचा, तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मागच्या महिन्यात घाटंजीच्या स्टँडवर उतरले आणि पाय आपोआप तिकडं वळले. शटरशेजारच्या खांबावर तुम्ही ब्रशनं लिहिलेला 'आर्टिस्ट' हा शब्द अजून आहे. वरचं तुमचं नाव नव्या मालकानं पुसलं, आर्टिस्ट तेवढा ठेवला, बहुधा स्वतःला लागेल म्हणून. मी हसले तर त्यानं विचारलं, काय दाखवू मॅडम. काय सांगणार? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की रडायचं वय निघून गेलं, आता नुसतं सांगायचं वय आलंय. म्हणून लिहायला बसले.

मी तुमच्याकडं आले ती शिकायला नव्हे, वाचायला. जन्मभर तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवल्या, भिंतींवर बियाण्यांच्या जाहिराती लिहिल्या, काचेवर उलट्या बाजूनं रंग भरून समोरून सुलट दिसणारी अक्षरं काढली. मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळायला लागले. तुम्ही यवतमाळहून एक जुना कॉम्प्युटर आणलात. विकणाऱ्यानं दोन तासांत फोटोंचं सगळं सॉफ्टवेअर शिकवलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. त्यातलं सगळं इंग्रजीत. मी नुकती बी.ए. झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली, घाटंजीपुरतं माझं इंग्रजी जोरात होतं. माझ्या बाबांना वाटलं, मुलगी कॉम्प्युटरवर बसते म्हणजे बँकेच्या जवळपास पोहोचली. प्रत्यक्षात मी थिनरच्या वासात, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून तुम्हाला एकेक शब्द वाचून दाखवत होते आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारत होतात, "हे काय लिह्यलं, बेटा? म्हंजे काय करते ते?"

करार असा ठरला की वाचायचं मी आणि पाहायचं तुम्ही. पहिले आठ दिवस माउसला हात लावू दिला नाहीत. स्टँडसमोर उभं करून विचारायचात, उजेड कुठून येऊन राह्यला. मी वर सूर्याकडं बोट दाखवलं की म्हणायचात, सूर्य मलेही माहीत आहे, त्या चहावाल्याच्या नाकावर पाह्य. आजही कोणाशी बोलताना मी आधी त्याच्या नाकावरचा उजेड पाहते. त्यामुळं काही लोकांचा माझ्याबद्दल गैरसमज आहे, पण तो तसा इतर कारणांनीही आहेच.

आणि नावं! इंग्रजी नावांवर तुम्ही विश्वास ठेवला नाहीत. लेयरला तुम्ही काच म्हणालात. "काचेवर काच ठेवली समज. वरच्या काचेवर घाण झाली तं वरचीच पुसायची, खालचीले धक्का नाई." पुढं पुण्यात एका महागड्या क्लासात हेच मला तीन तास समजावलं गेलं आणि तरी वर्गातल्या अर्ध्या लोकांना कळलं नव्हतं. केलेलं मागं घ्यायच्या बटणाला तुम्ही तोबा म्हणायचात. भिंत एकही तोबा देत नाही, हे मशीन वीस देते, म्हणून माणूस वीस वेळा चुकतो, असं तुमचं निदान होतं. चेहऱ्याभोवती दोरी टाकून तो कापून घ्यायच्या हत्याराला दुकानात येणारा एक कारागीर फास म्हणाला, तेव्हा तुम्ही त्याला बाहेर चहाला नेलंत आणि परत आल्यावर ते हत्यार 'दावं' झालं होतं. त्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात फास हा शब्द कोणी सहज उच्चारत नव्हतं. लग्नाच्या ग्रुप फोटोतून एकच माणूस वेगळा काढून मोठा करून द्या, असं म्हणत घरची माणसं यायची. फोटोतला माणूस बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा तरुण असायचा. ती कामं तुम्ही मला दिली नाहीत. फक्त एकदा, मी मागं उभी असताना, वळून न पाहता म्हणालात, "गळ्यापासून कापू नको कधी. खांद्यापासून घेत जाय." आजवर एकही चेहरा मी गळ्यापासून कापलेला नाही.

कापसाला भाव नव्हता, पण कापसावर बोलायला येणाऱ्यांची रीघ होती. नेरला एक येऊन गेला की बाभुळगावला दुसरा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताचा फ्लेक्स लागायचा. जिल्हा बुडत होता आणि आपलं दुकान तरंगत होतं. तुम्हाला त्याची लाज वाटायची, मला तेव्हा वाटत नव्हती. मला डिझायनर व्हायचं होतं.

असाच एक मोठा नेता घाटंजीला यायचा होता. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बचत गटाच्या अध्यक्षबाईंचा त्याच्या हस्ते सत्कार होता. कापूस गेला त्या वर्षी या बाईंनी तांड्यातल्या बायकांना जमवून डाळ भरडायची चक्की उभी केली होती. तुम्ही म्हणालात, हा फ्लेक्स पुरा तुझा. माझ्या आयुष्यातला पहिला. मधोमध साहेब, डावीकडं तालुकाध्यक्ष, उजवीकडं बाई. पण बाईंचा एकच फोटो होता आणि त्यात त्या उजवीकडं, म्हणजे फ्लेक्सच्या बाहेर पाहत होत्या. फ्लेक्सची ऑर्डर घेऊन आलेला कार्यकर्ता माझ्या टेबलाला टेकून म्हणाला, "बाई साहेबायकडं पाठ करून हाय. साहेबायनं पाह्यलं तं माहं तिकीट कटते." बाईंना डावीकडं घेऊ म्हटलं, तर तालुकाध्यक्ष आपली जागा सोडणार नव्हते, फोटोतसुद्धा. तुम्ही नमाजाला गेला होतात. मी एक बटण दाबलं. फोटो आडवा उलटला आणि बाई साहेबांकडं वळून पाहू लागल्या. कार्यकर्ता खूश होऊन गेला, फाइल सीडीवर यवतमाळला छापायला गेली, दुसऱ्या दिवशी एस.टी.नं फ्लेक्स गुंडाळी होऊन आला.

तो आपण दुकानासमोर अंथरला, कोपऱ्यांवर रंगाचे डबे ठेवले. बाई दोघीजणींना घेऊन पाहायला आल्या होत्या. तिघी त्यांच्या गोरबोलीत हळू आवाजात काही बोलत होत्या. बाई फ्लेक्सच्या कडेनं एक चक्कर मारून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, हे मी नाही. मी म्हटलं, मावशी, तुमचाच फोटो आहे. त्या चिडल्या नाहीत. लहान मुलीला सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं.

"आरशात मी अशीच दिसतो, पोरी. पण तांडा काय मले आरशात पाह्यते? फुली या नाकपुडीले गेली, गोंदण त्या गालाले गेलं. लोकं म्हणतीन, साहेबासंगं उभं राह्यासाठी बाईनं थोबाड बदललं."

तुम्ही माझ्याकडं वळलात. काहून झालं हे, एवढंच विचारलंत. मी म्हटलं, मशीननं केलं, चाचा. तुम्ही आत जाऊन ब्रशच्या पेटीतला तो वीतभर आरसा आणलात. पाटी लिहून झाली की तुम्ही तिच्याकडं पाठ करून ती त्या आरशात पाहायचात. उलटी झाली की डोळा वाचायचं थांबवतो आणि कललेलं अक्षर दिसतं. तो आरसा माझ्यासमोर धरून म्हणालात, "उलटून पाह्यचं, बेटा. उलटून द्यायचं नाई." मग बाईंकडं वळून, "ताई, परवापरयंत तुमचं तोंड तुमाले वापस भेटन."

सत्कार परवाच होता. बाईंना सुलट केलं तर साहेबांकडं पाठ, आणि पाठ असली तर कार्यकर्ता पैसे नव्हे, दुकान उचलून नेणार. मी पडद्यासमोर रडकुंडीला आलेली. फ्लेक्स परत गेला की माझं डिझायनर होणंही त्याच्याबरोबर गुंडाळलं जाणार, हे मला दिसत होतं. तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात आणि नेहमीचा प्रश्न विचारलात. बाईंच्या फोटोत उजेड उजवीकडून येत होता, साहेबांच्या डावीकडून, आणि साहेब पाहत होते तालुकाध्यक्षांकडं.

"मंग साहेबायले फिरव."

माझा हात थांबला. साहेबांना?

"काहून? साहेबायच्या नाकात फुली हाय का?"

फिरवलं, चाचा. साहेबांचा भांग एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला, घड्याळ डाव्या मनगटावरून उजव्यावर, सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर. पण उजेड जुळला. आता साहेब बाईंकडं पाहत होते आणि बाई रस्त्याकडं. मी स्वतः सीडी घेऊन यवतमाळला गेले आणि गुंडाळी मांडीवर घेऊन परत आले. कार्यकर्त्यानं फ्लेक्स पाहिला आणि म्हणाला, वा, साहेबायचं पुरं लक्ष महिलायकडं! सत्काराच्या दिवशी साहेब स्वतः त्या फ्लेक्ससमोर उभे राहून फोटो काढून घेत होते. भांग कोणालाच खटकला नाही. गर्दीनं त्यांना कधी नीट पाहिलंच नव्हतं, आणि साहेबांनी स्वतःला पाहिलं होतं ते रोज दाढी करताना, आरशात. त्यांना तो फ्लेक्स अगदी बरोबर वाटला. बाई मात्र जवळ गेल्या, आधी फोटोतली फुली पाहिली, मग बोटानं स्वतःची चाचपली आणि गर्दीतून माझ्याकडं पाहून एकदा मान हलवली. त्यानंतर मला पुरस्कार मिळालेत चाचा, शालीसुद्धा बऱ्याच आहेत, पण ती मान वेगळी.

वर्षभरानं तांड्यावर गेले होते तेव्हा तो फ्लेक्स भेटला. बाईंनी आपला भाग कापून चक्कीच्या खोलीत लावला होता. साहेब शेळ्यांच्या गोठ्यावर पसरले होते आणि पाऊस अडवत होते. त्यांनी जिल्ह्यासाठी केलेलं तेवढंच काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी पुण्याला निघाले तेव्हा तुम्ही तो आरसा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवलात. तो माझ्या टेबलावर आहे. लोक म्हणतात, तुमची चित्रं आणि लेख फार बोचतात, हे कुठं शिकलात. मी सांगते, घाटंजीला, एका पेंटरकडं. साहेबांना फिरवायचं, बाईंना नाही, एवढाच माझा धंदा आहे आणि तो मी मान वर करून करते. तुम्ही सगळ्या बाजारात सांगत सुटलात की साहेबांना फिरवायचं पोरीला सुचलं. मी ते तेव्हा खोडलं नाही. आता प्रत्येक भाषणात खोडते.

मागच्या महिन्यात आले होते ती यवतमाळच्या एका कॉलेजात मुलींना हेच शिकवायला. काच, दावं, तोबा, सगळं तुमच्याच शब्दांत. मुली हसल्या, पण त्यांना कळलं. त्यांच्या मोबाइलमध्ये आता चेहरा आपोआप कापला जातो, गळ्यापासून. एका मुलीनं तिच्या आजीचा फोटो इतका गुळगुळीत केला होता की आजी तिच्यापेक्षा लहान दिसत होती. हे काय, म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, ॲपनं केलं, मॅम. मी रागावायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तुम्हाला सांगायचं राहिलेलं तिथं आठवलं, म्हणून हा एवढा कागद. धाडायला पत्ता नाही, असता तरी धाडायची हिंमत झाली नसती. आरशाखाली ठेवून देते.

मशीननं नव्हतं केलं, चाचा. बाई वळल्या तेव्हा फुली दुसऱ्या बाजूला गेलेली मला पडद्यावर दिसली होती. तोबाचं बटण बोटाखाली होतं. मी मनात म्हटलं, तिच्याकडं कोण पाहणार आहे.