रंगाखालच्या रेघा

शिरड शहापूर
२२ नोव्हेंबर २००५

प्रिय दाजी,

प्रिय हा शब्द लिहावा का, यावर मी बराच वेळ अडलो होतो. शेवटी लिहिला, कारण तुम्ही माझ्या ताईचे यजमान आहात आणि पत्राला काहीतरी सुरुवात लागते. त्यापलीकडे त्याचा अर्थ काढू नका. हे पत्र ताईपासून लपवा असं मी म्हणणार नाही. तिला वाचू द्या.

तोंडावर मला बोलता येत नाही. मेव्हण्यानं दाजीपुढं आवाज चढवायचा नसतो, असं आमच्या घरात शिकवलेलं आहे, आणि त्याचा फायदा तुम्ही पाच वर्षं पुरेपूर घेतला. कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही. माझी शाळा नववीत सुटली, म्हणून आधी वहीत लिहून मग हे उतरून काढलं आहे. गैरसोयीचं ते तुम्ही विसरून जाता, तेव्हा सगळं पहिल्यापासून लिहितो.

जूनमध्ये तुम्ही तो बावीस हॉर्सपॉवरचा लहान ट्रॅक्टर घेतला आणि त्याच्या मागं लावायचं खोदायचं मशीन पंजाबकडून मागवलं. मशीनबरोबर इंग्रजी पुस्तक आलं, बसवून देणारा माणूस आला नाही. तुम्ही मला बोलावलं. तुमचं म्हणणं, नांगर जोडतो तसं तीन पिनांवर अडकवून टाक, अर्ध्या तासाचं काम आहे. मी नाही म्हणालो. नांगर मुकाट मागं येतो. हे मशीन जमिनीशी झटतं. बकेट खडकाला अडली की तोच जोर उलटा ट्रॅक्टरवर येतो, आणि वरचा दांडा तुटला तर अख्खं मशीन उचललं जाऊन माणसाला स्टिअरिंगवर चेपतं. म्हणून ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढपर्यंत जाणारी लोखंडी चौकट लागते आणि मशीन त्या चौकटीवर बसवावं लागतं. मी सहा दिवस ती चौकट बनवत होतो. तुम्ही सहा दिवस खुर्ची टाकून, येईल त्याला सांगत होतात की आमचा मेव्हणा ट्रॅक्टरला पाळणा बांधून राहिला.

चौकट आठ बोल्टांवर बसली. डावीकडं चार, उजवीकडं चार. डोक्यावर ८.८ कोरलेले पक्के बोल्ट मी नांदेडहून निवडून आणले. किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना एका वर्कशॉपमधून दोन दिवसांसाठी मागून आणला. सगळं आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीवर पांढऱ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढली. रेघ सरळ आहे तोवर नट जागेवर आहे. रेघ तुटली की नट फिरला. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही वाचता यावं, असं ते होतं. त्यावर तुम्ही चारचौघांत म्हणालात, "नटांना टिकल्या लावून झाल्यात, आता हळदीचं तेवढं बोलावणं धाडा." सगळे हसले. मीही हसलो, याची मला आजही लाज वाटते.

त्या रेघा मनावर घेतल्या त्या एकट्या संतरामनं. तुमच्याकडं तो ऑपरेटर म्हणून आला तेव्हा तांड्यावरचा माणूस म्हणून तुम्ही त्याला पत्र्याच्या ग्लासात चहा द्यायचात, तरी त्याच्याइतका काळजीनं काम करणारा माणूस तुमच्या वाड्यात दुसरा नव्हता. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी तो गुडघ्यावर बसून आठही रेघांवर बोट फिरवायचा. दोनदा त्याला रेघ किंचित सरकलेली दिसली. दोन्ही वेळा त्यानं मला निरोप धाडला आणि मी येऊन बोल्ट आवळून, रेघ नव्यानं ओढून गेलो.

तिसऱ्या खेपेला मी आपणहून आलो, त्या दिवशी खंडेनवमी होती. तुम्ही आदल्या दिवशी कॉम्प्रेसर आणून सगळं मशीन लालभडक रंगवून घेतलं होतं. दांडा, बकेट, चौकट, नट, सगळं. एकही रेघ दिसत नव्हती. मी पिशवीतून माझा साधा पाना काढला, तर तुम्ही तो माझ्या हातातून घेतला, त्याला कुंकू लावलं आणि खुरपी, विळे, कुऱ्हाडीच्या रांगेत झेंडूखाली ठेवून दिला. "आज हत्यारं निजलीत, उठवू नको," म्हणालात. वर म्हणालात, "बोल्टाला एवढं भ्यायचं न्हाई, जरा देवाला भ्यावं." संतरामनं तुम्हाला विचारलं की मालक, आता रेघा कशा बघू. त्याला तुम्ही दिलेलं उत्तर मला शब्दशः पाठ आहे. "रेघा हायेत की रंगाखाली. कुठं पळून जातील."

बाराव्या दिवशी पाइपलाइनचा चर खोदताना डावीकडचे दोन बोल्ट निखळून पडले. चौकट कलली, तिच्याबरोबर मशीन कललं, आणि संतरामची मांडी सीट आणि मशीनच्या बाजूच्या लोखंडी टेकूमध्ये सापडली.

भाऊबीजेला मी तुमच्याकडं आलो. ताईनं ओवाळलं. पाहुण्यांनी अपघाताचं विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "फिटिंग माझ्या मेव्हण्याची हाय. ती सुटती व्हय? संतरामनंच बकेट हिसकली." पाच वर्षांत तुम्ही माझ्या कामाला पहिल्यांदा चांगलं म्हणालात. मी मान खाली घालून करंजी खाल्ली. मग मागं शेडमध्ये जाऊन ब्लेडनं रंग खरवडला. उजवीकडच्या चारही रेघा सरळ होत्या. डावीकडं उरलेल्या दोन नटांची अर्धी रेघ पट्टीवर होती आणि नटावरची अर्धी पार मागं फिरलेली. तुम्ही शेडच्या दारात उभे होतात. तुम्ही पाहिलंत आणि घरात गेलात.

गेल्या गुरुवारी मी तांड्यावर गेलो होतो. संतरामच्या मांडीत सळई घातली आहे. तो बाजेवर बसून असतो. बाळापूरच्या दोन मशीनवाल्यांनी तुमचं ऐकून त्याला आधीच निरोप दिला आहे की बरा झालास तरी येऊ नकोस, तुझा हात जड आहे. त्याला दुसरं काम येत नाही. आणि त्यानं मला काय म्हणावं? हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमी इतकी चांगली फिटिंग केली, मी मोडली. माझंच चुकलं." त्याच्या बायकोनं, रूपाबाईनं, चहा दिला. मी तो पिऊन परत आलो.

आता जे लिहितो ते वहीत तीनदा खोडलं आहे. खंडेनवमीच्या दिवशी मी तुमच्याकडून निघालो तेव्हा संतराम फाटकापर्यंत माझ्यामागं आला होता. म्हणाला, "भाऊ, दोन दिसांनी येऊन रेघा पुन्हा मारता का? मला कायबी दिसंना झालंय." मी म्हणालो, मालकाला विचारा. एवढंच म्हणालो आणि जीपमध्ये बसलो. पाना तुमच्याकडं अडकला, ही मी स्वतःला सांगितलेली सबब होती. माझ्याकडं आणखी तीन पाने आहेत. वाटेत माझ्या मनात होतं की एखादा बोल्ट ढिला पडावा, मशीन चार दिवस बंद पडावं, आणि तुम्ही माझ्या दारात यावं. माणूस त्यावर बसलेला असतो हे मला ठाऊक होतं. तुम्ही रेघा झाकल्या आणि मी झाकलेल्या रेघा पाहून घरी गेलो. येत्या रविवारी मी हे संतरामला सांगणार आहे, आणि त्यानंतर त्या दोन मशीनवाल्यांना. आधी तुमचं नाव घेईन, मग माझं, कारण घडलं त्याच क्रमानं. सकाळच्या एसटीनं येतो. नऊ वाजेपर्यंत बाळापूरच्या स्टँडवर थांबेन. आलात तर बरोबर जाऊ, नाही आलात तरी मी जाणार आहे. येताना माझा पाना आणा. त्याचं कुंकू पुसू नका. संतरामला सगळं होतं तसं दाखवायचं आहे.

तुमचाच,
वैजनाथ