अर्ध्या तिकिटाचं पुणं

मंगळवार, ४ नोव्हेंबर
सकाळपासून लाइट नाही. गिरणी बंद. डबे ओट्यावर आणि डब्यांच्या मालकिणी माझ्या डोक्यावर. एकीच्या ज्वारीत उंदराच्या लेंड्या. दाखवल्या तर म्हणते, "दळल्यावर काय दिसतंय व्हय." दिसत नाही म्हणून खायचं. खाणार तिचीच पोरं.

दुपारी शकू आली, हातात कुणाचा तरी ब्लाउज, हुक लावत. तिचं शिलाईचं दुकान समोर, माझी गिरणी इकडे, मध्ये नुसता रस्ता. लग्न होऊन चौसाळ्यात आलो तेव्हापासून आम्ही रस्त्यावरून एकमेकींशी ओरडून बोलतो. तिला म्हटलं, यंदा पुण्याला जायचंच. दोघींनी बीडच्या पुढं पाय टाकलेला नाही. ती तुळजापूरला जाऊन आली आहे, पण देवाला गेलेलं धरायचं नाही.

"ऱ्हायचं कुठं पण?"

राहायचंच नाही. रात्रीच्या गाडीनं जायचं, उजाडेपर्यंत तिथल्या स्टँडवर बसायचं, दिवसभर फिरायचं, रात्रीच्या गाडीनं परत. लॉजचा खर्च नाही. एसटीत बायांना अर्धं तिकीट. सकाळपुरत्या भाकरी बांधून न्यायच्या. मेट्रोत बसायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. दुपारी एकदाच हॉटेलात जेवायचं, ताट दुसऱ्यानं आणून पुढं ठेवायचं. बाग दिसली तर बागेत पडायचं.

शकूला जे सांगितलं नाही ते इथं लिहिते. एक दिवस असा पाहिजे की मला कोणी ओळखणार नाही. इथं मला बघितलं की लोकांना पीठ आठवतं.

गुरुवार, ६ नोव्हें.
ह्यांना सांगितलं. जेवत होते. आमटीचा भुरका पूर्ण झाल्यावर उत्तर आलं: "मला तर पुरं तिकीट लागंल. मी कावून येऊ?"

म्हटलं, तुम्ही नकाच येऊ. मी आणि शकू.

"एकट्या?"

दोघी म्हणजे एकट्या कशा, हे मला अजून कळलेलं नाही. सासूबाई आतून: "आन् कापूस कोन येचायचा?" तेवीसच्या रविवारी जायचं म्हणते आहे, कापूस काय रविवारी पळून जातो? मनातच.

शेवटी ह्यांनी तोडगा काढला. लता वन्संकडं उतरा, हडपसरला. "जेवायचा खर्च वाचंल. पहाटं उतरल्यावर तोंड कुठं धुनार तुमी?" हे मात्र बिनतोड. तोंड आणि बाकीचं कुठं, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. बाईमाणसाचं घोडं सगळीकडं इथंच अडतं. पुरुषांना काय, आख्खा हायवे आहे.

शनिवार, ८ नोव्हें.
लता वन्संचा फोन. ह्यांनी आधीच कळवून ठेवलेलं.

"या की वैनी. तेविसलाच या. त्या दिवशी आमच्या पिंकीला बघाया पाव्हणे येनार हायती. तुमी पहाटंच पोचताल, म्हंजी पुरनाचं तुमीच बघा. तुमच्या हातची पोळी लई मऊ."

म्हणजे रात्रभर बसमध्ये आंबायचं, उतरून तोंड धुवायचं आणि पुरण शिजवायला बसायचं. पाहुणे किती विचारलं तर म्हणे जास्त नाहीत, दोन गाड्या. माझं पुणं म्हणजे वन्संच्या स्वैपाकघराची खिडकी. हे सगळं फुकट पडतं म्हणून हे खूश. मला शिसारी आली. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, बघ, किती माया करती.

रविवार, ९ नोव्हें.
गिरणीत एक गोष्ट बोलली की ती पिठासोबत घरोघर जाते. आज ओट्यावर दळणापेक्षा सामान जास्त. एकीचा पोरगा पुण्यात कंपनीत, त्याला बाजरीचं पीठ. एकीचा परीक्षेचा अभ्यास करतोय, त्याला तूप आणि शेंगदाण्याची चटणी. लोणच्याची बरणी आली ती गळकीच, खार ओघळून माझ्या तराजूवर. "जाताच हाव तर तेवढं न्या." कोणी 'न्याल का' म्हणत नाही.

पाटलाच्या आळीतली म्हातारी तर गावरान कोंबडी घेऊन आली. जिवंत. सून बाळंत झाली आहे म्हणे. तिला म्हटलं, कंडक्टर काय म्हणंल?

"काय म्हनतोय, बाईच हाय की ती. अर्धंच तिकीट."

सगळ्या हसल्या. मीही हसले, मग राग आला हसल्याचा. कोंबडीनं जाता जाता गिरणीच्या पट्ट्याजवळ घाण केली, ती मी काढली.

बुधवार, १२ नोव्हें.
वन्संना स्पष्ट सांगितलं. पुरण पुढच्या वेळी. त्या रुसल्या, हे रुसले. अबोला धरला आहे, तेवढीच घरात शांतता. सामान ज्याचं त्याला परत केलं. म्हातारी म्हणाली, "लई मिजास आली गं गिरनीवालीला." आली.

शकूबरोबर बीडला जाऊन आले, गाडीची वेळ विचारायला. तिथल्या एका बाईनं सांगितलं की पुण्यात स्टँडच्या आसपास पैसे देऊन अंघोळ करता येते, गरम पाणी मिळतं. एवढं सोपं उत्तर. घरातल्या एकाही पुरुषाला माहीत नाही.

येताना जीपमध्ये पुढं बसलेला बाबा खिडकीतून थुंकला. गुटखा. उडून सगळा शकूच्या पदरावर. तो मागं वळून म्हणतो, "वारं हाय ताई." जणू वाऱ्यानंच खाल्ला होता. शकू पदर हातात धरून बसली घरापर्यंत, पण हसत होती. मेट्रोत म्हणे असं कोणी थुंकत नाही. तिनं मोबाइलवर बघितलं आहे. तिनं स्टेशनांची नावंही पाठ केलीत.

शुक्रवार, १४ नोव्हें.
सरपंचबाईंचे मालक गिरणीत आले. सरपंच बाई आहे, ती भाकरी करते आणि सांगतील तिथं सही करते. कारभार मालकांचा. अत्तराचा वास पिठात मिसळला. बोलता बोलता त्यांनी कुणाच्या तरी डब्यात हात घातला, मूठभर पीठ उचललं आणि बोटांतून सोडत राहिले. त्याच बोटांनी आधी दात कोरत होते. त्या बाईला पीठ तसंच द्यावं लागलं. वरचा थर मी काढून टाकला, तिला सांगितलं नाही.

"पुन्याला चाल्लाव म्हनं. मग पैसे कावून घालवता? तेविसला साहेबांचा महिला मेळावा हाय तिथंच. गाडी फुकट. नाष्टा, जेवान, वरून साडी. येकसारखी, म्हंजी स्टेजवरून बरं दिसतंय."

म्हटलं, आम्ही आमच्या तिकिटानं जाणार आहोत.

"अर्ध्या तिकिटाचा लई तोरा हाय की." हसले. हात माझ्या गिरणीच्या दारातल्या पडद्याला पुसून गेले.

सोमवार, १७ नोव्हें.
साड्या वाटल्या. जांभळा रंग, हात लावला तर बोटं जांभळी. रॉकेलसारखा वास. तरी त्यासाठी ग्रामपंचायतीपुढं बायांची ढकलाढकल. ज्या माझ्याकडं दळणाला एका रुपयासाठी घासाघीस करतात त्या तिथं दिवसभर उन्हात उभ्या. फुकट ते पौष्टिक. काल नाव दिलेल्या बाया आज माझ्याकडं बघून गालात हसतात. पैसे देऊन जाणारी ती येडी.

शकूनं आज रस्त्याच्या अलीकडं बघितलंच नाही. मशीन मात्र जोरात चालू होती.

मंगळवार, १८ नोव्हें.
मीच गेले तिच्याकडं. ती जांभळ्या ब्लाउजपिसांच्या ढिगात बसलेली. मान वर न करता बोलली.

"मी गाडीनं जातीय. घरकुलाच्या यादीत नाव हाय माजं. वर ठिवायचं का खाली, त्यांच्या हातात हाय."

कोणी सांगितलं तुला असं?

"सांगाया लागतंय व्हय."

मग म्हणाली, तू पण चल, उतरलो की मेळाव्यातून निसटू, मेट्रोत बसू. मी तोंडाला आलं ते बोलले. त्यांच्या साडीत मेट्रोत बसायचं? लोक म्हणतील हा बघा साहेबांचा माल सुटला. अजून बरंच. तिनं ऐकून घेतलं आणि दोरा दातानं तोडून म्हणाली, "तुला बोलाया काय जातंय. तुजं घर स्लॅबचं हाय."

खरं आहे. पावसाळ्यात तिच्या पत्र्याखाली भांडी ठेवायला मीच जाते. घरी आले. कुणाचा संताप करायचा तेच कळेना. मालकांचा करायचा तर ते पिठात हात घालून गेले तेव्हा मी नुसता पडदा धुऊन टाकला.

गुरुवार, २० नोव्हें.
नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पण ठरवलं. एकटी जाणार. एकटीचा खर्च तर आणखी कमी. जेवताना सांगितलं. हे मिशी पुसत राहिले. ह्यांचं गप्प बसणं मला माहीत आहे, आत काहीतरी शिजतं.

स्टँडवर उतरल्यावर उजवीकडं जायचं का डावीकडं, हेही माहीत नाही. शकूला सगळं पाठ होतं.

शुक्रवार, २१ नोव्हें.
बाजेवर प्लास्टिकची पिशवी. आत जांभळी साडी. माझ्या नावची. ह्यांनी सोमवारीच नाव देऊन टाकलेलं.

"पैशे वाचले की. वरून साडी. ब्लाउजपीस बी हाय."

मला विचारलं?

"त्यात काय इचारायचं? तिथं कोन वळखतंय तुला. जायचं, बसायचं, यायचं."

तिथं कोण ओळखतंय तुला. जे मी कोणाला सांगितलं नव्हतं, ते ह्यांनी असं उच्चारलं. अशी किळस आली की भाताचं पातेलं तसंच चुलीवर ठेवून बाहेर आले. करपला भात. सगळ्यांनी तसाच खाल्ला.

नंतर सा.बाई साडीवरून हात फिरवत बसल्या. "तुला नगं तर मला दे. तुज्या जागी मी जाती."

हे म्हणाले, आई, गुडघे.

"गुडघे घरी तरी कुठं गप बसतेत? पुनं बगून मरीन म्हनलं."

ह्या बाईनंही पुणं बघितलेलं नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं त्यांना फक्त कापूस दिसतो.

शनिवार, २२ नोव्हें., सकाळ
सा.बाई पहाटेपासून जांभळ्या साडीत ओट्यावर. गाडी संध्याकाळची. मानेला रंग लागलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पुन्याला चाल्ले. मला म्हणाल्या, "तू दुपारच्यालाच नीघ बाई. त्यो झोपल्यावर." त्यांनी शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले, आणि वर, माझ्या आत्तापर्यंतच्या संसारात पहिल्यांदा, भाकरी त्यांनी थापल्या. जाड आणि कच्च्या. घेतल्या.

तीच तारीख, बीड, स्टँड
आले. वही मुद्दाम बरोबर घेतली, घरी ठेवली असती तर वाचली असती. रात्रीच्या गाडीला वेळ आहे. बाकावर बसले आहे. बाकाखाली कोणीतरी केळी खाऊन सालं टाकलीत, त्यावर माश्या. पाय वर घेतलेत.

शेजारी एक बाई, पोरीकडं चालली पुण्याला. बसल्या बसल्या तेच सुरू: "कुठल्या तुमी? कोनाच्या?"

म्हटलं, केजकडची. नाव शालन. शाळेत आहे. खोटं इतकं सहज तोंडातून गेलं की मीच चाट. शाळेत काय आहे ते तिनं विचारलं नाही. मानानं बोलायला लागली. तिच्या पोरीच्या सासूचं गाऱ्हाणं सांगितलं, मी शालनसारखी मान हलवली. लई बरं वाटलं. पिठाचा विषय नाही.

ह्यांचा फोन. मागं ढोल, बायांचा गलका. "आई बसली गाडीत. शकी बसली. तू कुठं हाईस?"

सांगितलं.

गलका मागं पडला, बाजूला गेले असावेत. मग: "थांब तितंच. फटफटी काढली, निगालो मी."

न्यायला का सोबतीला, ते सांगितलं नाही. न्यायला आले तर सगळ्यांदेखत ओढाताण, आणि मग जन्मभर चौसाळ्याला विषय. सोबतीला आले तर पूर्ण तिकीट काढल्याची कुरकुर ऐकत, ह्यांना चहा कुठं मिळंल ते बघत दिवस जाणार. हे तंबाखू थुंकणार मेट्रोच्या जिन्यात, आणि मी म्हणणार, माझे आहेत. दोन्हीची सारखीच किळस येते. आणि न आले तर, तर रात्री बसमध्ये बसल्यावर रडू येईल असंही वाटतंय. येऊ दे. शालनला विचारणारं कोण आहे?

गाडी लागली. लवकर लागली. बाया पळाल्या जागा धरायला, शेजारचीही गेली. आता खिडकीतून हात काढून बोलवते आहे, "शालनबाई, या की, जागा धरली तुमाला." दोनदा हाक मारली तेव्हा कळलं, मलाच. फाटकाकडून मोटारसायकली येतायत, दिव्यांमुळं कोणती कोणाची कळत नाही. वही पिशवीत टाकते.