हाकेचा घाट

लालबाग

प्रिय हेमचंद्र,

आपल्या तळ्याचं तू लिहिलेलं माहितीपत्रक छापखान्यात पोचलं. तपासायला मीच घेतलं. तळं कुणी बांधलं, महादेवाचं देऊळ, नौकाविहाराच्या वेळा, सगळं नीट आहे. अडलो चौथ्या स्थळापाशी. ‘हाकेचा घाट : सांजवेळी पायरीवरून हाक मारल्यास तळ्यातल्या दीपमाळेकडून आजही ओ मिळते.’

आजही? फोनवर तू म्हणालास, "अरे, लोकांना तेवढीच मजा. तिथे आता कुणी बसत नाही." मी गप्प बसलोही असतो. पण आमच्या छापखान्यातला परळचा स्वप्नील दिवाळीत माझ्याच सांगण्यावरून मुलीला घेऊन तिथे गेला होता. परत आल्यावर मशीनपाशी सगळ्यांदेखत म्हणाला, "काय गणपतराव, गावचं भूतपण ओळखतं तुम्हाला! मी हाक मारली नूपुरला, तर तिकडून आलं, ‘गणपत, निघू का रे?’" सगळे हसले. मीही हसलो. हातातला कागद मात्र मशीनला उलटा लावला.

कुशाबा नावाड्याबद्दल मी इथे कुणाशी कधीच बोललेलो नाही.

आपण तेव्हा विशीतले. कुशाबाला दीपमाळेच्या खडकावर सोडायचं आणि पाहुण्यांना संशय नको म्हणून नाव परत आणून घाटाला बांधायची. त्यांनी हाक मारली की तो आडून ओ द्यायचा. ते गेले की मला विचारायचा, "निघू का रे?" मग मी नाव घेऊन जायचो. त्या दिवशी पाहुण्यांनी आपल्याला भजी खायला नेलं आणि आपण गप्पांत विसरलो. वरच्या धरणाचं पाणी सुटलं होतं. परतलो तेव्हा खडक दिसत नव्हता. नाव घाटालाच होती, म्हणून गावाने तळ्यात शोधलंच नाही. आपण दोघांनी खरं कुणालाच सांगितलं नाही.

संध्याकाळी देवापुढे बसतो. जप लागतो न लागतो तोच कुशाबाचा प्रश्न ऐकू येतो. इतकी वर्षं मी त्याला मनाचा खेळ समजत होतो. स्वप्नीलला कसा ऐकू आला?

पत्रक छापायला दिलेलं नाही, रागावू नकोस. कुशाबाच्या बायकोने, मीराकाकूंनी, अजून आशा सोडलेली नाही; त्या कुंकू लावतात आणि त्याच तोंडाने नवऱ्याला शिव्या घालतात, कारण त्याने मुंबईत दुसरा संसार थाटलाय असं त्या धरून आहेत. कुशाबा दादरच्या फूलबाजारात एका बाईबरोबर दिसला, असं मुंबईला आल्यावर मीच त्यांना लिहिलं होतं. ते पत्र त्यांना वाचून दाखवलंस तू. येत्या रविवारी मी येतोय. घाटावर नाही, आधी काकूंच्या ओट्यावर. तू दारापर्यंत आलास तरी पुरे. सांगेन मी.

तुझाच,
गणपत