सोड म्हणजे काय

राजापूर तालुका,
५ डिसेंबर २००६

प्रिय निलेश,

तुझं पत्र परवा पोचलं. लिफाफ्यावर तुझ्या चाचीचं नाव होतं, पण खतिजा उर्दू शाळेत शिकलेली, तिला मराठी वाचता येत नाही हे तू विसरलास. म्हणून वाचलं मी. पहिलं पानभर माफी मागितली आहेस आणि दुसऱ्यावर लिहिलंस, की येत्या चौदा तारखेला राजापूरच्या कोर्टात उभा राहून तू गुन्हा कबूल करणार. आमच्या दर्यावरचा एक शब्द म्हणे तुला कळला नाही, त्यापायी आमचा पोरगा नबील गेला, तेव्हा जी काय शिक्षा होईल ती मुकाट्याने घेणार. वाचून माझं डोकं सणकलं. माझा राग तुला नवा नाही, तुझ्या तोंडात आज जे दात नाहीत ते त्याचे साक्षीदार आहेत. पण हा राग वेगळा आहे. चौदा तारखेच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडलंच पाहिजे म्हणून रजिस्टर करतोय. मी सातवी पास माणूस, अक्षर वाकडंतिकडं आहे. तरी शेवटपर्यंत वाच, मध्येच ठेवून देऊ नकोस.

२००१ साली तू आलास, तेव्हा नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. होड्या नुकत्या पाण्यात उतरत होत्या. बाहेर खडकावर ते जहाज येऊन आदळलं आणि त्याच्या पोटातून काळं भट्टीचं तेल गळायला लागलं. आमच्या बायका खाडीच्या तोंडाशी कालवं काढायला गेल्या त्या कोपरापर्यंत काळे हात घेऊन रडत परतल्या. मग तू तीन ट्रक घेऊन आलास. ट्रकांत नारिंगी कापडाच्या जाडजूड गुंडाळ्या. मोहल्ल्यात कुणीतरी विचारलं, मांडव कुणाच्या लग्नाचा? तू बिचारा जेटीवर उभा राहून समजावत होतास, की याला बूम म्हणतात, हा तरंगता बांध आहे, वर फुगे, खाली पाण्यात लोंबणारा पडदा, पडद्याच्या तळाला साखळी, तेल पाण्यावर तरंगतं ते याला अडेल, मग पंपाने उचलू. त्या पडद्याला तू ‘स्कर्ट’ म्हणालास आणि नबील पोट धरून हसला. त्या दिवसापासून पडद्याचं नाव परकर पडलं आणि अख्ख्या बांधाचं अजगर. तुझी कंपनी काहीही म्हणो, आमच्याकडे आजही तो अजगरच.

जेवायला तू आमच्याकडेच असायचास. खतिजाने तुला सुरमई वाढली, तर तू काटे काढता काढता घामाघूम झालास. कराडच्या माणसाला मासा फक्त पंचांगात दिसतो, असं म्हणून नबील तुला पिडायचा. तो सव्वीस वर्षांचा, तू अठ्ठावीसचा. दोघे एका ताटात हात घालायचात. माझ्या होडीवर काम करायचं तर तीन शब्द पाठ कर, असं मी तुला बजावलं होतं. खेच, धर आणि सोड. आमच्या तोंडी सोड म्हणजे टाकून देणं नव्हे. जाळं सोडतात तसं, खुंट्यावर दोराचे वेढे ठेवायचे आणि हात हात दोर देत जायचं. तू वहीत लिहून घेतलंस, खाली दोन रेघाही मारल्यास. ते पान पुढे पोलिसांनी कागदपत्रांना जोडलं.

पहिल्या दिवशी अजगर खाडीच्या तोंडावर सरळ आडवा टाकला, तोही माझ्या हट्टाने. तू म्हणत होतास तिरका टाकू, तेल कोपऱ्यात जमेल, उचलून घेऊ, दोन्हीकडचं वाचेल. मला दोन्हीकडच्याशी काय करायचं होतं? माझी खाडी वाचली म्हणजे झालं. आडवा टाकला तसं तेल वळलं आणि पलीकडच्या वाडीच्या पुळणीवर चढलं. विठू, ज्याच्याबरोबर मी वीस वर्षं दर्यात गेलो, तो जेटीवर येऊन म्हणाला, “रसूलभाय, तुमची खाडी राहील नि आमची पुळण काळी होईल, असा कसला हो तुमचा अजगर?” मी त्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याची माणसं कोयते घेऊन होड्यांतून आली आणि त्यांनी अजगराला चार ठिकाणी कापलं. मग जे झालं ते तू पाहिलंस. मी आकडीच्या बांबूने एकाचा खांदा मोडला. विठूचा दगड माझ्या कपाळाला लागला, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी मी हात चालवतच होतो. माणसं कमरभर पाण्यात एकमेकांना बुडवत होती, सगळ्यांची अंगं तेलाने इतकी काळी, की आपला कोण नि परका कोण कळेना. मध्ये उभा राहून हात जोडणारा एकटा तू. तुला दोन्हीकडचे फटके पडले.

संध्याकाळपर्यंत नबीलने जाळ्याची सुई नि दोरा घेऊन परकराच्या चारही चिरा शिवल्या. अशी शिवण कंपनीच्या पुस्तकात नाही, पण पुस्तकापेक्षा बरी आहे, असं तू म्हणालास. तू विठूकडेही जाऊन आलास आणि त्याला तिरक्या बांधाला जवळजवळ राजी केलंस. हे मला नंतर कळलं. तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाही कळलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवलेला अजगर परत टाकायची मी घाई केली. पौर्णिमेचं उधाण, सुकतीचं पाणी खाडीतून धो धो बाहेर चाललेलं. तू म्हणालास, चाचा, दीड तास थांबू, पाणी उभं राहिलं की टाकू, भरती लागायच्या आत सहज होईल. एवढ्या ओढीत अजगर पाण्याने भरला तर होडीला ओढून नेईल. कराडहून येऊन तू मला सुकती शिकवणार? जेटीवरच्या सगळ्या माणसांसमोर मी तुला भित्रा म्हणालो, नबील हसला नाही. विठूची माणसं परत येतील, त्यांच्या आधी टाकायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू मान खाली घालून होडीत चढलास.

माझी होडी ‘सफिना’ त्या वर्षीच पाण्यात उतरवलेली. दोन वर्षं सुतार खपले होते तिच्यावर, आणि मी रोज जाऊन तिच्या फळीवरून हात फिरवायचो. खतिजा म्हणायची, पोरावरून कधी असा हात फिरवला नाहीत. अजगराचं एक टोक जेटीच्या कडीला बांधलं, दुसरं ‘सफिना’च्या दोराला. सुकाणूवर मी, खुंट्यापाशी दोराचे वेढे सांभाळायला तू आणि मागच्या फळीवर आकडी घेऊन नबील, अजगराचं लोखंडी टोक कशात अडकू नये म्हणून. अर्ध्या वाटेपर्यंत बरं चाललं. मग सुकतीचं सगळं पाणी त्या परकरात भरलं. दोर मागून सरकत बाजूला आला आणि होडीला आडवं पाडायला लागला. एक काठ पाण्याखाली गेला, पाणी आत आलं, इंजिन गुदमरलं. मी ओरडलो, सोड! तू सगळे वेढे काढलेस. दोर सणसणत सुटला, त्याचं वेटोळं नबीलच्या कमरेत बसलं, त्याला फळीवरून उचललं, काठावर आपटलं आणि पाण्यात नेलं. त्याच्या तोंडून हाकसुद्धा निघाली नाही. काठाच्या लाकडावर काय राहिलं होतं ते तूही पाहिलंस, मी लिहीत नाही. तू कपड्यांनिशी मागोमाग उडी घेतलीस. मी घेतली नाही. मी सुकाणू धरून होतो.

परकराखाली साखळीत गुंतलेला तो सापडला. जेटीवर काढला तेव्हा इतका काळा होता, की डोळे कुठले नि केस कुठले समजेना. दोनेकशे माणसं जमलेली. कुणीतरी ओरडलं, “दोर कुणी सोडलान?” मी तुझ्याकडे बोट केलं आणि म्हणालो, “यानं सोडलान.” पुढचं तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. तुला वल्ह्यांनी मारलं, बांबूंनी मारलं, लाथांनी मारलं. डावा हात कोपरातून मोडल्याचा आवाज मी ऐकला. तू पडल्या पडल्या मान वर केलीस आणि म्हणालास, “चाचा, तुम्हीच सोड म्हणालात.” एवढंच. तेव्हा मी शेजाऱ्याच्या हातातलं वल्हं ओढून घेतलं आणि तुझ्या तोंडावर घातलं. लोकांना वाटलं, पोर गेलेला बाप आहे, भान सुटलंय. भान पुरतं होतं, निलेश. मला तोंडावरच मारायचं होतं, ते बोलायचं बंद व्हावं म्हणून. दुसऱ्यांदा वल्हं उचललं तेव्हा विठू कुठूनसा धावत आला आणि तुझ्या अंगावर पालथा पडला. तो फटका त्याने पाठीवर घेतला. त्यानेच तुला टेम्पोत घालून रत्नागिरीच्या सिव्हिलला नेलं. आदल्या दिवशी कोयता घेऊन आलेला माणूस तो.

नबीलला आंघोळ घालताना अंगाचं तेल निघेना. साबणाने निघेना, राखेने निघेना. शेवटी खोबरेल चोळून काढलं, तास दीड तास आम्ही चौघे चोळत होतो. नखांतलं तसंच राहिलं. मग जाबजबाब झाले. मी साहेबांना नीट समजावलं, की आमच्यात सोड म्हणजे हळूहळू दोर देणं, हा देशावरचा माणूस, हा समजला टाकून दे. वहीचं पानही दाखवलं. ऐकणारे सगळे पटल्यासारखी मान हलवत होते. शब्दाचा घोटाळा, बाहेरच्या माणसाची चूक, असं अख्ख्या मोहल्ल्याने ठरवून टाकलं. तू दवाखान्यात तोंड बांधून पडलेला, कागद तुझ्यापर्यंत पोचले आणि तुलाही ते पटलं. मारहाणीची तक्रारसुद्धा केली नाहीस. नोकरी गेली, हात आखडला, तारखा घेत घेत पाच वर्षं कराडहून राजापूरला येत राहिलास. आणि इकडे खतिजा पाच वर्षं प्रत्येक नमाजानंतर तुझं नाव घेऊन तुला शाप देते. मी शेजारी बसून ऐकतो.

आता मुद्द्याचं. तुला शब्द बरोबर कळला होता. होडी आडवी पडली तेव्हा मला हात हात दोर द्यायचा नव्हता. मला तो अजगर माझ्या होडीपासून सुटायला हवा होता, ताबडतोब. सोड म्हणजे टाकून दे. तोच अर्थ माझ्या मनात होता, तोच माझ्या आवाजात होता आणि तोच तू ऐकलास. सांगितलं तेवढंच केलंस. नबील कुठे उभा आहे हे मी वळून पाहिलं नाही. मला फक्त पाण्यात चाललेला ‘सफिना’चा काठ दिसत होता. ती वहीतली गोष्ट मी जेटीवरून घरी येईपर्यंत जुळवली आणि पुढे इतक्या वेळा सांगितली, की कधी कधी मलाच खरी वाटायची. काल तुझं पत्र मी खतिजाला वाचून दाखवलं आणि मग हे सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, “होडी वाचली ना?” आणि उठून आत गेली. तुझ्याकडून मला माफी नको आहे, मागायला तोंडही नाही. हे पत्र जपून ठेव, वकिलाला दाखव, याच्यावर माझी सही आहे. आणि चौदा तारखेला कोर्टात तुझं नाव पुकारतील तेव्हा गप्प बस. तुझ्या आधी मी उभा राहीन.

तुझाच,
गुलाम रसूल