चालू होऊन बंद पडणारी गाडी

आबा, तुमची गाडी अजून आष्ट्यातल्या शेडातच उभी हुती. तुमी जाऊन लय वर्षं झाली, पण तुमच्या लेकानं ती हलवली न्हाई आणि विकलीबी न्हाई. नुसती पुजली. दर खंडेनवमीला बॉनेट उघडायचं, हळदी-कुंकू टाकायचं, झेंडू वाहायचा, नारळ फोडायचा, की बॉनेट बंद. तुमचीच रीत. तुमी पान्याच्या पाया पडायचा आणि मला मात्र पान्याला हात लावायची बंदी. "पोरीच्या हाताला ग्रीस बरं दिसत न्हाई," म्हणायचा. मग वायरचा दिवा धरायला कोण? मीच. मी तुमच्या खांद्याशी दिवा धरून उभी हाय, आणि तुमच्या शेजारी इंजिनात डोकं घालून भाऊ, ज्याला आजबी पाना कुठल्या अंगाला फिरवायचा ते कळत न्हाई. हात जरा खाली आला की तुमी वर न बघता म्हणताय, "दिवा वर." तेवढंच. शाबास म्हटलं असतं तर तोंड झिजलं असतं तुमचं.

मागल्या आठवड्यात भावाचा फोन आला, गाडी भंगारात देतोय. मी म्हटलं, मला दे. तो हसला. "ताई, चालवत नेलीस तर तुझी. टोचन लावून न्ह्यायची न्हाई, गावात हसं हुतंय." गावाला हसायला तो एकटा पुरेसा हाय, पण ते आसू दे. माझ्या कोरेगावातनं आष्ट्याची सकाळची एसटी धरली.

भावाचा फिटर आधीच चहा पीत बसलेला. नवी बॅटरी घातलेली, पेट्रोल ताजं. चावी मारली की इंजिन लागायचं, गचके द्यायचं, भकाभका काळा धूर सोडायचं आणि गप. परत चावी, परत तेच. फिटर म्हणाला पेट्रोल पोचत न्हाई, पंप बदला. भाऊ मान हलवत हुता, तुमच्यापुढं हलवायचा तशीच, न कळता. मी धुराकडं बघत हुते. पेट्रोल पोचत न्हाई तर धूर काळा कशाला यील? प्लग काढायला लावला, तर काळा आणि ओला. इंजिन उपाशी न्हाई, श्वास कोंडलाय त्याचा. हे तुमी मला शिकवलं न्हाई. शेडात काम शिकायला येणाऱ्या दुसऱ्यांच्या पोरांना शिकवत हुता, मी दिवा धरून ऐकत हुते.

एअर फिल्टरचं डबडं उघडलं. हवा आत घेणाऱ्या नळकांड्यात झेंडू. वर्षानुवर्षांचा, वाळून, दाबून बसलेला, मधी उदबत्तीच्या काड्या. फिल्टरचा कागद कुंकवानं लाल. भाऊ म्हणाला, "फूल खाली पडायचं, म्हणून तिथं खोचायचो. आबा तिथंच खोचायचं की."

व्हय, तिथंच खोचायचा. पण दुसऱ्या दिवशी, चावीला हात लावायच्या आधी, तुमी ते काढायचा. मी बघितलंय. तुमी लेकाला ते सांगितलं न्हाई, त्यानं विचारलं न्हाई. लेकाला वारसा दिला म्हणून मिशीला पीळ भरत हुता न्हवं? अर्धाच दिलाय बघा. देव करून ठेवलाय गाडीचा, आणि देवाच्या नाकात फुलं कोंबली.

झेंडू उकरून काढला, फिल्टर बाजूला ठेवला, चावी मारली. लागलं, आणि लागूनच राहिलं. फिटर कप धुवायला उठला. भाऊ नुसता म्हणाला, "पूजा तर करत हुतो की गं."

गाडी आता माझ्या दारात हाय. आष्ट्यापासनं कोरेगावपातूर एकदाबी बंद पडली न्हाई. हा कागद काय तुमच्यापर्यंत यायचा न्हाई, सीटखाली सारून ठेवते. एकच लिहायचं राहिलंय, भावाला कळलं तर चिडवंल. इंजिन लागलं तवा भर दुपारचं ऊन हुतं, माझे दोन्ही हात मोकळे हुते, काम झालेलं हुतं. तरी मी बॉनेट लावलं न्हाई. तशीच उभी राहिले, तुमी कायतरी म्हणाल म्हणून.